समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४०°, मग उरलेले दोन किती?

प्रश्न असा आहे. मुलगी सातवीत. त्रिकोणाचे दोन कोन दिले की तिसरा ती चुटकीसरशी काढते, पण आकृतीत एखादी रेघ जास्त आली की अडते. परवाच्या चाचणीत विचारलं होतं, 'समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४०° आहे, उरलेले दोन कोन काढा.' तिने ७०° आणि ७०° लिहिलं. बाईंनी चूक दिली आणि ४०° आणि १००° हे उत्तर सांगितलं. वडील विचारतात, बरोबर कोण? आणि सोबत आणखी एक शंका: 'समद्विभुज काटकोन त्रिकोण' म्हणजे एकाच त्रिकोणाला दोन प्रकार कसे काय लागू होतात?

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. दोघीही बरोबर आहेत, आणि दोघींचंही उत्तर अर्धंच आहे.

समद्विभुज त्रिकोणात दोन बाजू समान असतात आणि त्या बाजूंसमोरचे दोन कोन समान असतात. उरलेला तिसरा कोन एकटा, समान बाजूंच्या मधला. आता दिलेला ४०° कोणता? तो मधला एकटा कोन असेल तर उरले १४०°, त्याचे दोन सारखे भाग ७०°-७०°. तो जोडीतला असेल तर जोडीदारही ४०° आणि मधला १००°. प्रश्नात कोणता ते सांगितलेलं नाही, म्हणून दोन्ही उत्तरं लिहायला हवीत. पेपरात सोबत आकृती होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आकृती असेल आणि तिच्यात समान बाजूंवर खुणा असतील, तर मात्र एकच उत्तर बरोबर ठरेल आणि ते कोणतं हे त्या खुणा सांगतील. तेव्हा बाईंकडे जाण्याआधी पेपर एकदा नीट बघा.

बाईंवर रागावू नका. मी चोवीस वर्षं सातवी ते दहावीची भूमिती शिकवतो आहे, आणि सुरुवातीच्या काळात अगदी हेच केलं आहे. फळ्यावर ५०° लिहिले, मनात पायालगतचा कोन होता, तो शब्द लिहायचा राहिला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने ६५°-६५° सांगितलं, मी 'चूक' म्हणून पुढे गेलो. तास संपल्यावर ती वही घेऊन आली आणि तिने दोन्ही त्रिकोण काढून दाखवले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मला माझंच उत्तर दुरुस्त करावं लागलं. तेव्हापासून मी हा प्रश्न दरवर्षी मुद्दाम तसाच, अर्धवट घालतो.

त्यातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो: असे दोन पर्याय नेहमीच निघतात का? नाही. कोन १००° दिला तर तो जोडीतला असूच शकत नाही, कारण दोन कोन १००°-१००° झाले तर तिथेच २००° होतात. मग तो मधलाच, आणि उरलेले ४०°-४०°. ९०° चंही तेच: दोन काटकोन म्हणजे १८०° संपले, तिसऱ्याला काही उरलं नाही. म्हणून ४५°-४५°. आणि ६०° दिला तर कुठूनही सुरुवात करा, त्रिकोण समभुजच निघतो. म्हणजे दिलेला कोन काटकोनापेक्षा लहान असेल आणि ६०° नसेल, तेव्हाच दोन उत्तरं येतात. हे मुलीला सांगू नका. १०°, ३०°, ६०°, ८०°, ९०°, १२०° असे आकडे देऊन तिच्याकडूनच काढून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यात ती जे शिकेल ते वीस उदाहरणांत शिकणार नाही.

आता मूळ दुखणं. 'दोन कोन दिले तर तिसरा येतो, पण आकृती बदलली की अडते' ही तक्रार माझ्याकडे दर जूनमध्ये कोणी ना कोणी पालक घेऊन येतात. वजाबाकी कच्ची आहे असं त्यांना वाटतं. ती क्वचितच कच्ची असते. मूल आकृती वाचण्याआधीच १८० मधून वजा करायला लागतं, खोट तिथे असते. कोणता त्रिकोण, कोणत्या बाजू समान, कोणता कोन आतला, कोणता बाहेरचा, हे ठरायच्या आत आकडे हातात घेतलेले असतात. म्हणून तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. पुस्तकात 'त्रिकोणाचे प्रकार' आणि 'कोनांची बेरीज' वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून मुलांना वाटतं की प्रकार ही पाठ करायची यादी आहे आणि कोन काढणं हे खरं गणित. प्रत्यक्षात प्रकार ओळखला की अर्धे कोन फुकट मिळतात. 'समद्विभुज' हा एक शब्द कळला की दोन कोन समान आहेत ही न लिहिलेली माहिती हातात येते. 'समभुज' म्हटलं की तिन्ही कोन मोजायचीसुद्धा गरज नाही.

एका त्रिकोणाला दोन प्रकार कसे? तर त्याला आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो म्हणून. माणसाला आडनाव असतं आणि गावही असतं. कुलकर्णी साताऱ्याचे असतात, नागपूरचेही असतात. 'तुम्ही कुलकर्णी की सातारकर' असं कोणी विचारत नाही (सातारकर हे आडनावही असतं ही गोष्ट सोडून द्या). त्रिकोणाला विचारायचा पहिला प्रश्न बाजूंचा: तिन्ही समान, दोन समान, की एकही जोडी समान नाही? त्यावरून समभुज, समद्विभुज, विषमभुज. दुसरा प्रश्न कोनांचा: सगळ्यात मोठा कोन ९०° पेक्षा लहान, बरोबर ९०°, की मोठा? त्यावरून लघुकोन, काटकोन, विशालकोन. प्रत्येक त्रिकोणाला दोन्ही प्रश्नांचं उत्तर द्यावंच लागतं.

मी मुलांना वहीत तीन ओळी आणि तीन रकान्यांचा तक्ता आखायला लावतो आणि नऊ घरांत नऊ त्रिकोण काढायला सांगतो. सात घरं भरतात. 'समभुज काटकोन' आणि 'समभुज विशालकोन' या दोन घरांपाशी गर्दी होते, पट्ट्या सरकतात, खोडरबर झिजतात. मग कोणीतरी म्हणतं, 'सर, हे होतच नाही.' का होत नाही हे त्यांनाच सांगायला लावायचं: बाजू समान म्हणजे कोन समान, तीन समान कोन म्हणजे प्रत्येकी ६०°, मग ९०° आणणार कुठून? रिकामी राहिलेली ती दोन घरं मला भरलेल्या सातांपेक्षा जास्त आवडतात.

इथे एक गोष्ट व्याख्येवर अवलंबून आहे. समभुज त्रिकोण हा समद्विभुज म्हणायचा का? 'दोन बाजू समान' याचा अर्थ 'किमान दोन' घेतला तर हो, 'फक्त दोन' घेतला तर नाही. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या व्याख्येत 'फक्त दोन' असंच म्हटलं आहे. आजचे गणिती बहुधा 'किमान दोन' घेतात, कारण मग समद्विभुजासाठी सिद्ध केलेली प्रत्येक गोष्ट समभुजाला फुकटात लागू होते. मी 'किमान दोन'च्या बाजूचा आहे. पण शाळेत बाईंनी जी व्याख्या दिली असेल तीच मुलीने वापरावी. सातवीतल्या मुलीने त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. घरी घातला तर हरकत नाही.

दुसरा नेहमीचा खड्डा 'लघुकोन' या नावात आहे. प्रत्येक त्रिकोणात किमान दोन लघुकोन असतातच, अगदी १५०° चा विशालकोन असलेल्यातही. त्यामुळे 'यात ३०° आहे म्हणजे हा लघुकोन त्रिकोण' असं मुलं सहज लिहून जातात. काटकोन त्रिकोण होण्यासाठी एक काटकोन पुरतो, विशालकोन त्रिकोण होण्यासाठी एक विशालकोन पुरतो, पण लघुकोन त्रिकोण होण्यासाठी तिन्ही कोन लघु लागतात. नावांची घडण तिन्हींची सारखी आणि अट मात्र वेगळी. म्हणून मी म्हणतो, फक्त सगळ्यात मोठा कोन बघ. तो सांगेल ते नाव.

कोनमापकावरही प्रकाराचा उपयोग होतो. कंपासपेटीतल्या त्या अर्धगोल कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. ६०° चा कोन मूल बिनधास्त १२०° वाचतं. त्यावर माझा एकच नियम: कोनमापक लावायच्या आधी कोनाकडे नुसतं बघून 'लघु' की 'विशाल' ते मोठ्याने म्हणायचं. लघु म्हणालीस ना, मग १२०° कसा आला? चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

मोजलेल्या कोनांबद्दल आणखी थोडं. तिन्ही कोन मोजून बेरीज १७९° किंवा १८१° आली की मुलं गुपचूप एका कोनात एक अंश घालतात किंवा काढतात. असं करू देऊ नका. पेन्सिलीची रेघ जाड असते, कोनमापकाचा मध्य नेमका शिरोबिंदूवर बसत नाही, एखाद्या अंशाची चूक होणारच. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात, १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायाची रेषा मोजून जे काम सुरू केलं त्यात, दोन कोनांवरून तिसरा काढता येत असूनही मुख्य त्रिकोणांचे तिन्ही कोन मोजत, ते मोजणीतली चूक किती आहे हे कळावं म्हणूनच. गंमत म्हणजे तिथे बेरीज १८०° पेक्षा किंचित जास्तच यायला हवी, कारण पृथ्वी सपाट नाही. त्रिकोणाच्या दर सुमारे १९७ चौरस किलोमीटरला एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, जास्त. वहीच्या पानावर तो फरक शून्यच समजा. वहीत आलेला १८१° हा पृथ्वीच्या गोलाईचा नसून आपल्या हाताचा असतो.

मग वहीत १८०° च का? ही गोष्ट एकदा हाताने करून बघितलेली असावी. कागदाचा त्रिकोण कापून तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवायचे हा प्रकार बहुतेकांनी केलेला असतो. मला त्यापेक्षा घडी आवडते: वरचं टोक खाली पायावर आणून, घडी पायाला समांतर राहील अशी दाबायची, मग डावा आणि उजवा कोपरा आत दुमडून त्याच बिंदूवर आणायचे. तिन्ही कोन एका सरळ रेषेवर बसतात आणि कागदाचा आयत होतो. फक्त सगळ्यात लांब बाजू पाया म्हणून धरा. विशालकोन त्रिकोणाची छोटी बाजू पाया धरली तर टोक पायाच्या बाहेर पडतं आणि मुलं म्हणतात, 'याला हा नियम लागू नाही.' माझ्या वर्गात हे झालेलं आहे.

घडी घालून पटतं, सिद्ध होत नाही. सिद्धता एका रेषेची आहे. त्रिकोण अबक मध्ये अ मधून बक ला समांतर रेषा काढा. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतील, मी अ, ब, क लिहितो आहे.) अब ही छेदिका (दोन्ही समांतर रेषांना छेदणारी रेषा) धरली तर कोन ब आणि अ च्या डाव्या बाजूला तयार झालेला कोन हे व्युत्क्रम कोन (समांतर रेषांच्या मधले, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असलेले), म्हणून समान. उजवीकडे तसाच कोन क. मध्ये त्रिकोणाचा स्वतःचा कोन अ. तीन मिळून सरळ कोन, १८०°. सातवीत हे विचारत नसतील, पण समांतर रेषा आल्या की तिला दाखवा. आकृतीत 'रेघ जास्त आली' की अडते म्हणालात ना, इथे ती जास्तीची रेघ मदतीला येते. जास्तीच्या रेघेची भीती जायला हे बरं उदाहरण आहे.

बहुतेक वेळा जास्तीची रेघ म्हणजे एक बाजू पुढे वाढवलेली असते आणि बाहेर एक कोन दिलेला असतो. समजा बक ही बाजू क च्या पुढे वाढवली, बाहेरचा कोन ११०° आहे आणि कोन अ ४५° आहे. कोन ब किती? मुलं आधी रेषीय जोडीवरून (एका सरळ रेषेवरचे शेजारचे दोन कोन मिळून १८०°) कोन क काढतात, १८०° − ११०° = ७०°, मग १८०° − ४५° − ७०° = ६५°. उत्तर बरोबर आहे आणि मी त्याला कधी कमी गुण देत नाही. पण बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो हे माहीत असेल तर एका पायरीत होतं: ११०° − ४५° = ६५°. 'दूरस्थ' या शब्दावर बोट ठेवा. शेजारचा सोडून लांबचे दोन. शेजारचा कोन धरून बेरीज करणं ही या भागातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

तिने कोणती रीत वापरावी? शिष्यवृत्तीसारखी पर्यायांची परीक्षा असेल तर छोटी, तिथे वेळ मोजून मिळतो. शाळेच्या पेपरात पायरीला गुण असतात, तिथे ज्या रीतीचं कारण तिला लिहिता येतं ती. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायची सवय आत्ता लागली तर नववी-दहावीत 'पक्ष, साध्य, सिद्धता' आल्यावर घाम फुटत नाही.

आता एक उदाहरण सावकाश करतो. माझ्या वर्गात एवढ्या एकाच आकृतीवर दोन तास जातात. त्रिकोण अबक घ्या. पायावर, ब आणि क च्या मध्ये ड हा बिंदू. अ आणि ड जोडा. दिलेलं असं: अड आणि बड समान, अड आणि अक समान, कोन ब ३५°. कोन बअक काढा.

गोंधळलेलं मूल मोठ्या त्रिकोणाकडे बघतं. तिथे फक्त ३५° माहीत आहे, दोन कोन माहीत नाहीत, म्हणून पेन्सिल चावत बसतं. मी म्हणतो, आधी एकही आकडा लिहू नकोस, आकृतीत किती त्रिकोण आहेत ते मोज. तीन: डावा अबड, उजवा अडक आणि सगळ्यात मोठा अबक. समान बाजूंवर खुणा कर. खुणा केल्या की दिसतं, डावा समद्विभुज आहे आणि उजवाही. आता आकडे घे. डाव्यात अड आणि बड समान, म्हणून त्यांच्यासमोरचे कोन समान: कोन बअड हाही ३५°. कोन अडक हा डाव्या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणून ३५° + ३५° = ७०°. उजव्यात अड आणि अक समान, म्हणून कोन क ७०°. मग कोन डअक १८०° − १४०° = ४०°. आणि मागितलेला कोन बअक ३५° + ४०° = ७५°. पडताळा मोठ्या त्रिकोणात घ्यायचा: ३५ + ७५ + ७० = १८०. बसलं.

१८० मधून वजाबाकी एकदाच झाली, तीही जवळजवळ शेवटी. बाकी सगळं काम त्रिकोणांच्या नावांनी केलं.

'समोरचे कोन' म्हणताना बाजूवर बोट ठेवून समोरच्या टोकाकडे न्यायला सांगा. अड आणि बड समान म्हटल्यावर कितीतरी मुलं ड पाशीच समान कोन शोधतात, कारण दोन्ही नावांत ड आहे. खरं तर जिथे त्या दोन बाजू भेटतात तो कोन तेवढा वगळायचा.

प्रकार विचारा. डावा समद्विभुज विशालकोन (३५, ३५, ११०), उजवा समद्विभुज लघुकोन (७०, ७०, ४०), मोठा विषमभुज लघुकोन. एका आकृतीत तीन त्रिकोण, तीन वेगळी घरं.

यानंतर ३५° पुसून तिथे दुसरे आकडे घालायचे. ३०° घाला: उजवा त्रिकोण समभुज होतो आणि मोठा काटकोन. २०° घाला: मोठ्याचा कोन अ १२०°, विशालकोन त्रिकोण. ३६° घाला: मोठ्याचे कोन ३६°, ७२°, ७२°, म्हणजे तोही समद्विभुज, पंचकोनी चांदणीच्या प्रत्येक टोकाला हाच त्रिकोण बसलेला असतो. आणि ४५° घाला, मग मजा. उजव्यात ड आणि क पाशी दोन्ही कोन ९०°, तिसऱ्याला शून्य. त्रिकोणच उरत नाही. कागदावर काढायला गेलं की ड आणि क एकमेकांवर येऊन बसतात. वरच्या वर्गातली मुलं कोन ब ला क्ष धरून मोठ्याचा कोन अ १८०° − ३क्ष असतो हे काढतात, पण सातवीला आकडे बदलून बघणंच बरं.

अक्षरांचा आणि प्रमाणाचा भाग त्यामानाने सोपा आहे. कोन (क्ष + १०)°, (२क्ष)°, (३क्ष − १०)° दिले तर बेरीज ६क्ष = १८०, क्ष = ३०. इथे मुलं '३०°' लिहून वही मिटतात. कोन अजून काढायचे असतात, ४०°, ६०°, ८०°. प्रमाणात एक सापळा मात्र मी हमखास लावतो: कोनांचं प्रमाण ३:४:५ असेल तर त्रिकोण कोणता? अर्धा वर्ग 'काटकोन' म्हणून ओरडतो, कारण ३-४-५ कानावरून गेलेलं असतं. ते बाजूंचं आहे. कोनांचं प्रमाण ३:४:५ म्हणजे बारा भाग, प्रत्येक १५°, कोन ४५°, ६०°, ७५°. चक्क लघुकोन.

बाजूंचं ३-४-५ गवंड्याला विचारा. पाया आखताना कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का हे बघायला तो दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून खूण करतो आणि दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरतं का ते पाहतो. ५ पेक्षा जास्त भरलं तर कोपरा उघडला आहे, कमी भरलं तर मिटला आहे. कोनमापकाशिवाय प्रकार ओळखायची हीच रीत: सगळ्यात लांब बाजूचा वर्ग आणि उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज यांची तुलना. बाजू ५, ६, ९ असतील तर २५ + ३६ = ६१, आणि ८१ मोठा, म्हणून विशालकोन. ७, ८, ९ असतील तर ४९ + ६४ = ११३, ८१ लहान, म्हणून लघुकोन. ३, ४, ८ दिल्या तर त्रिकोणच होत नाही, दोन छोट्या बाजू मिळूनही तिसरीला पुरत नाहीत. पायथागोरसचं प्रमेय तिच्या शाळेत झालं नसेल तर हा परिच्छेद सध्या बाजूला ठेवा.

'डोळ्यांना दिसतं ते' आणि 'दिलेलं आहे ते' यांतला फरकही तिला सांगायला हवा. आकृतीत कोपरा अगदी काटकोनासारखा दिसतो, पण तिथे छोट्या चौकोनाची खूण नाही आणि मजकुरातही ९०° नाही. मग तो काटकोन आहे असं धरायचं नाही, त्याबद्दल काही माहीत नाही असंच समजायचं. आकृत्या बहुतेक वेळा मापात काढलेल्या नसतात. घरी सराव घेताना मी सुचवेन की तुम्ही स्वतः मुद्दाम वेड्यावाकड्या आकृत्या काढा: समद्विभुज त्रिकोण पाय वर करून, किंवा कुशीवर झोपलेला. मुलांना पाया खाली आणि टोक वर अशीच सवय असते. आडवा टाकला की समान बाजू कोणत्या हे खुणा बघूनच ठरवावं लागतं.

रोज किती उदाहरणं, हे मुलीवर आहे. दहा घाईची असतील तर मी तीनच घेईन, आणि प्रत्येकात उत्तराआधी तिला त्रिकोणाचं पूर्ण नाव तोंडाने म्हणायला लावीन. पहिले काही दिवस ती कंटाळेल.

बाईंना भेटलात तर 'तुमचं चुकलं' याने सुरुवात करू नका. मुलीलाच दोन्ही त्रिकोण पट्टी-परकाराने मापात काढून न्यायला सांगा, एक ७०-७०-४० आणि एक ४०-४०-१००, आणि 'यातला कोणता विचारला होता?' एवढंच तिने विचारावं. गुण मिळतील की नाही ते मी सांगू शकत नाही.

आणि शनिवारी तिला हे एक द्या: समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन दुसऱ्या एका कोनाच्या दुप्पट आहे, तिन्ही कोन काढ. बहुतेक ती ४५°, ४५°, ९०° घेऊन येईल. बरोबर म्हणा आणि फक्त 'अजून?' असं विचारून तुमच्या कामाला लागा. दुसरं उत्तर वर चांदणीपाशी येऊन गेलं आहे, पण हे तिला वाचायला देणार असाल तर उदाहरण सुटल्यानंतर द्या.